हात काय करताहेत, ते आधी बघ

तू उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहेस. प्रबंधासाठी विमान कंपन्या, साबण, अत्तरं, बँका अशा दोनेकशे जाहिराती जमवल्या आहेस. तुझा प्रश्न असा, की या सगळ्यांत आशियाई बाई एक तर मान कलती करून गोड हसते, नाहीतर डोळे बारीक करून वाघिणीसारखी रोखून बघते. मधलं काहीच कसं नाही? हे मुद्दाम करतात का? आणि आपल्याकडच्या जाहिराती यातून सुटतात का?

मुद्दाम करतात का, ते आधी सांगते. मी बारा वर्षं मुंबईत आणि चौदा वर्षं सिंगापुरात आर्ट डायरेक्टर म्हणून काम केलं. एवढ्या काळात ‘बाई आज्ञाधारक दिसली पाहिजे’ असं लिहिलेलं ब्रीफ, म्हणजे जाहिरात कशी हवी ते सांगणारा कागद, माझ्या टेबलावर एकदाही आलं नाही. ब्रीफमधले शब्द फार सभ्य असतात. बाईसाठी ‘वॉर्म’, ‘ग्रेसफुल’, पुरुषासाठी ‘कॉन्फिडंट’. वाचून कुणी हरकत घेणार नाही. पण वॉर्म फोटोत दाखवायचं कसं? तर हनुवटी जरा खाली, हात पोटाशी जुळलेले, दात थोडेसेच दिसतील इतकं हसू. कॉन्फिडंट दाखवायचं तर पाय रोवून उभा, हाताची घडी, नजर लांब कुठेतरी. हे कुणी बसून ठरवत नाही. मूड बोर्डवर आधीच्या दहा जाहिरातींची कात्रणं चिकटवलेली असतात आणि त्यांत बायका अशाच उभ्या असतात. नवी जाहिरात बहुतेक वेळा जुन्या जाहिरातीकडे बघूनच होते. पोरं आता कात्रणांऐवजी स्टॉक फोटोंच्या साइटवर ‘एशियन वूमन’ टाकून शोधतात, एवढाच फरक.

दुसरं कारण पैशाचं आहे आणि ते प्रबंधांमध्ये फारसं येत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. सिंगापुरात पहिल्याच महिन्यात मला एक शब्द शिकावा लागला: ‘पॅन-एशियन’. आपल्याकडे कास्टिंग शीटवर ‘गृहिणी, ३०-३५’ लिहितात तितक्या सहज तिथे हा शब्द लिहिलेला असायचा. अर्थ असा, की मुलगी अर्धी युरोपियन अर्धी आशियाई असावी, किंवा तशी दिसावी. नाक सरळ, पापणीला घडी, रंग उजळ. क्लायंट शांपूचा, आणि जाहिरात चालणार बँकॉक, जकार्ता, मनिला, क्वालालंपूर आणि सिंगापूर अशा पाच बाजारांत. पाच ठिकाणी पाच शूट करायचे तर खर्चही पाचपट. मग चेहरा असा शोधायचा, की तो थाई माणसाला परका वाटू नये, मलय माणसालाही वाटू नये, आणि खरं तर तो कुणाचाच नसावा. चेहऱ्यातून गाव काढून टाकलं, भाषा काढून टाकली, वय बावीसवर आणून ठेवलं, की दाखवायला उरतात ते केस, हसू आणि अदब. तुझ्या संग्रहातल्या निम्म्या जाहिरातींतल्या बायका इतक्या एकसारख्या का, याचं उत्तर बरंचसं या हिशेबात सापडेल. त्यात गोऱ्या साहेबाचा हात शोधत बसू नकोस. ते शीट भरणारे आम्हीच होतो, चिनी, मलय, तमिळ आणि एक गिरगावकर.

आता एक प्रसंग जवळून बघ. एका बँकेच्या छापील जाहिरातीचं शूट होतं. काचेची मीटिंग रूम, टेबलावर लॅपटॉप, तिघं जण. लेआउटमध्ये गोरा पुरुष बसलेला, लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून काहीतरी समजावतोय. शेजारी चिनी वंशाचा तरुण, तो वहीत टिपून घेतोय. मागे चिनी वंशाची बाई उभी, छातीशी फाइल, चेहऱ्यावर हसू. गंमत म्हणजे कथेप्रमाणे ती बाई बँकेची सीनियर अधिकारी होती, जाहिरातीच्या मजकुरात तसं स्पष्ट लिहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी टेस्टचे पोलरॉइड हातात घेऊन बसले होते आणि एकदम खटकलं. फोटोत सहा हात होते. पुरुषांचे चारही कामात होते. तिचे दोन बंद फाइल धरून होते.

मी फोटोग्राफरला म्हटलं, फाइल काढू, पडद्यावर बोट हिचं ठेवू, आणि त्याला ऐकायला लावू. पाच मिनिटांचं काम. दोन्ही तऱ्हेने फ्रेम काढल्या. निवड करायला बसलो तेव्हा क्लायंट सांभाळणाऱ्या अकाउंट्सच्या माणसाने फाइलवाली उचलली. का, तर म्हणे दुसरीत ती ‘जरा ॲग्रेसिव्ह’ वाटते. मॉडेल तीच, कपडे तेच, चेहऱ्यावरचं हसूही जवळजवळ तेच. पुरुषाचं बोट समजावत होतं, बाईचं बोट अंगावर येत होतं. मी भांडले, तासभर. छापली गेली ती फाइलवालीच.

‘मधलं काहीच कसं नाही’ असं तू विचारतेस ना, ते मधलं असं हरवतं. बाईने फ्रेममध्ये काही करायला घेतलं, की बघणाऱ्याला ती दुसऱ्या टोकाला गेल्यासारखी वाटते, आणि ‘जरा सौम्य करा’ म्हणून तिला परत पहिल्या टोकाला आणून सोडतात. तेव्हापासून मी कुठलीही जाहिरात समोर आली, की आधी हात बघते.

ही दोन टोकं आली कुठून, हे थोडक्यात. जाहिरातीने ती घडवली नाहीत, तिला ती तयार मिळाली. अमेरिकेने १८७५ मध्ये पेज कायदा केला. कागदावर तो वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या पौर्वात्य बायकांना अडवणारा होता, प्रत्यक्षात प्रत्येक चिनी बाईवरच संशय घेऊन तिचा प्रवेश जवळपास बंद करणारा. १९०४ मध्ये मिलानच्या रंगमंचावर एका ऑपेरातली जपानी मुलगी गोऱ्या नौदल अधिकाऱ्याची वाट बघत राहिली, शेवटी तिने जीव दिला, आणि ‘कमळासारखी’ नाजूक बाई युरोपच्या डोक्यात पक्की बसली. दुसऱ्या टोकाचं नाव ‘ड्रॅगन लेडी’. ते १९३४ साली सुरू झालेल्या एका अमेरिकन चित्रमालिकेतल्या समुद्री चाच्यांच्या म्होरकीचं नाव. मग जपान, कोरिया, व्हिएतनाममधली युद्धं. हजारो अमेरिकन सैनिकांनी पूर्वेकडची शहरं पाहिली ती सुट्टीच्या चार दिवसांत, बारच्या दारातून. हे सगळं प्रबंधात एका पानात उरक. सगळे तेच लिहितात.

त्यापेक्षा शांघायची कॅलेंडरं बघ. १९१०च्या सुमारापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं तिथे ‘युएफेनपाय’ नावाची छापील कॅलेंडर-चित्रं निघत. सिगारेटच्या, औषधांच्या, साबणाच्या कंपन्या ती वाटत. यांतल्या कित्येक परदेशी. चित्रकार मात्र चिनी. झेंग मांतुओ नावाच्या चित्रकाराने कोळशाची पूड घासून वर जलरंग चढवायची रीत रुळवली, त्यामुळे त्या बायकांच्या गालांना लोण्यासारखी झाक आहे. त्या चीपाओ हा अंगाबरोबर बसणारा चिनी झगा घालतात, केस कापतात, आणि सायकल चालवतात, फोनवर बोलतात, गोल्फ खेळतात. सिगारेट खपवायचीच चित्रं ती, त्यांना मोठेपण द्यायचं कारण नाही. तरी त्यांच्या हातात वस्तू आहेत आणि त्या वस्तू त्यांच्या स्वतःच्या कामाच्या आहेत. आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा छापखान्याची चित्रं घराघरांत पोचली त्याच्या थोडीच नंतरची ही गोष्ट. दोन्ही शेजारी ठेवून बघ, एक प्रकरण त्यातच निघेल.

आता विमान. तुझ्या यादीत सिंगापूर एअरलाइन्सच्या जाहिरातींतली ‘सिंगापूर गर्ल’ पंधरा वेळा आहे, तेव्हा तिच्यावर जरा जास्त.

मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्स फुटून १९७२ मध्ये सिंगापूर एअरलाइन्स वेगळी झाली. देश असा, की विमान वर चढलं की परदेशच. देशांतर्गत मार्ग एकही नाही. विमानं इतरांची तीच बोइंग. मग विकायचं काय? सेवा. कंपनी तेव्हा आंतरराष्ट्रीय विमान संघटनेच्या नियमांबाहेर होती, त्यामुळे साध्या वर्गातल्या प्रवाशाला फुकट पेय, कानाला हेडफोन, जेवणात निवड असं सगळं देता येई. इयन बेटी या जाहिरातवाल्याने ही सेवा एका बाईच्या रूपात उभी केली. तिच्या अंगावर पिएर बालमँ या फ्रेंच डिझायनरने १९६८ मध्ये घडवलेला सारोंग कबाया. म्हणजे मलय पोशाख, पॅरिसची कात्री, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या माणसाचं ब्रीदवाक्य, आणि आत सिंगापूरची मुलगी. १९९३ मध्ये लंडनच्या मादाम तुसाँमध्ये तिचा मेणाचा पुतळा बसला. धंदा म्हणून बघितलं तर याच्यापेक्षा चोख काम मी पाहिलेलं नाही. पन्नास वर्षं एकच प्रतिमा चालवणं म्हणजे काय, ते आमच्या लाइनमधल्या माणसालाच कळेल.

आणि ती खऱ्या कर्मचारी मुलींवर चित्रित करायची पद्धत, मॉडेल नाहीत. मला वाटतं खरी मेख इथे आहे. खरी, नोकरी करणारी, वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेतलेली बाई, आणि जाहिरातीत तिचं नाव ‘गर्ल’. त्या कबायाच्या रंगावरून हुद्दा कळतो, हे विमानात बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. निळा म्हणजे साधी स्ट्युअर्डेस, हिरवा त्याच्या वरचा, लाल चीफ, आणि जांभळट रंग इनफ्लाइट मॅनेजरचा. जाहिरातीतली म्हणून आपल्याला आठवते ती निळी. जांभळी बाई, जी आख्ख्या केबिनची जबाबदारी सांभाळते, ती का आठवत नाही? कारण तिथवर पोचेपर्यंत ती ‘गर्ल’ राहिलेली नसते.

फक्त पूर्वेलाच हे झालं असं म्हणू नकोस, परीक्षक लगेच पकडेल. १९७१ मध्ये अमेरिकेत नॅशनल एअरलाइन्सची गोरी मुलगी जाहिरातीतून म्हणत होती, ‘आय ॲम शेरिल, फ्लाय मी’. तोही बायकांचाच बाजार. फरक एवढाच, की शेरिलला निदान नाव होतं, आणि ती शेरिल म्हणून थिल्लर दिसली, अमेरिका म्हणून नाही. सिंगापूर गर्ल आख्ख्या शहराच्या वतीने हसते.

जाता जाता आपला एअर इंडियाचा महाराजा आठव. १९४६ मध्ये कंपनीतल्या बॉबी कूका यांनी कल्पना काढली, जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीच्या मुंबई ऑफिसमधल्या उमेश राव यांनी तो चितारला. एअर इंडियाच्या दारात कमरेत वाकून उभा राहिला तो झुपकेदार मिश्यांचा पुरुष! तोही साचाच, ‘राजे-महाराजांचा देश’ वगैरे. त्याची काही पोस्टरं तर चांगलीच चावट. पण तो वाकतो आणि पुढच्याच पोस्टरवर सुमो पहिलवान होतो, कुठे प्रेमवीर होतो, कुठे फसतो, पडतो. त्याला उद्योग आहेत. प्रेक्षक त्याच्याबरोबर हसतो. स्वागत करणाऱ्या बाईला असा दुसरा दिवसच कधी मिळत नाही.

अलीकडचं बघायचं तर जर्मनीतली हॉर्नबाखची २०१९ची जाहिरात नीट फ्रेम थांबवून बघ. घरदुरुस्ती आणि बागकामाच्या सामानाची ही दुकानांची साखळी. घामाघूम झालेले गोरे पुरुष बागेत राबताहेत. त्यांचे घामट कपडे गोळा करून पाकिटांत सीलबंद होतात, आणि एका करड्या, झाडझुडूप नसलेल्या शहरात व्हेंडिंग मशिनमधून विकले जातात. एक आशियाई तरुणी पाकीट घेते, फोडते, हुंगते, आणि तिचे डोळे सुखाने वर जातात. वसंताचा वास असा असतो, असं वाक्य येतं. कंपनीने बाजू मांडली, की शहर काल्पनिक आहे आणि विषय शहरी जीवनातल्या निसर्गाच्या दुष्काळाचा आहे. हे खोटं असेलच असं नाही. प्रेझेंटेशनच्या खोलीत असंच बोलणं झालं असणार, मी अशा खोल्यांत बसलेली आहे. पण मग हुंगणारी व्यक्ती त्याच गावातला एखादा जर्मन कारकून का नाही? कारण त्याला बघून हसू आलं नसतं, किळस आली असती. ‘गोऱ्या पुरुषाच्या घामावर भुललेली आशियाई मुलगी’ प्रेक्षकाच्या डोक्यात आधीपासून होती, म्हणून काही सेकंदांत विनोद पोचला. जर्मनीतल्या कोरियन लोकांनी आवाज उठवला, दक्षिण कोरियातही गदारोळ झाला, आणि जर्मन जाहिरात परिषदेने ती आचारसंहितेत बसत नाही असा निर्णय दिला.

त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, डोल्चे अँड गबाना या इटालियन फॅशन कंपनीने शांघायच्या शोच्या आधी तीन चित्रफिती सोडल्या. लाल चमचमत्या कपड्यांतली चिनी मॉडेल चॉपस्टिक्सने पिझ्झा, स्पगेटी आणि कनोली ही नळीसारखी इटालियन मिठाई खायचा प्रयत्न करते, लाजते, खुदखुदते; वरून पुरुषाचा आवाज तिला शिकवतो आणि कनोलीच्या वेळी ‘तुला फार मोठं होतंय का’ अशा अर्थाचा चावट टोमणा मारतो. त्यात संस्थापकांपैकी एकाच्या खात्यावरून गेलेल्या चीनविषयीच्या संदेशांनी आगीत तेल ओतलं. त्याने खातं हॅक झाल्याचं सांगितलं. २१ नोव्हेंबरचा शो रद्द झाला, चिनी ऑनलाइन दुकानांनी माल उतरवला, संस्थापकांनी माफीची फीत काढली. ती मॉडेल, झुओ ये, हिला पुढे जानेवारीत जाहीर माफी मागावी लागली, करियर बुडायची वेळ आली होती म्हणाली. आम्ही सेटवर मॉडेलला ‘जरा गोंधळलेली दिसू दे’ असं किती सहज सांगतो. त्या वाक्याचं बिल शेवटी कुणाच्या नावावर फाटतं, ते इथे दिसलं. आणि हातही बघ: दोन काड्या तिच्या हातात आहेत, रोज वापरायच्या, सरावाच्या, आणि जाहिरात त्याच हातांना अडाणी करून दाखवते.

इथपर्यंत सोपं आहे. पुढे गुंता वाढतो, आणि तुझा प्रबंध इथे चांगला किंवा बरा ठरेल.

नोव्हेंबर २०२१ मध्ये शांघायमध्येच दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात चेन मान या चिनी फोटोग्राफरचा एक फोटो लागला. अरुंद डोळ्यांची, फिकट, जुन्या दरबारी थाटाची बाई, बोटांवर लांब नखांची आवरणं, हातात दिओरची बॅग. चीनमध्येच लोक भडकले, की पाश्चात्त्यांच्या डोळ्यांतली भुताटकी चिनी बाई आमच्याच फोटोग्राफरने का काढावी. चेन मान यांनी माफी मागितली. महिना-दीड महिन्याने ‘थ्री स्क्विरल्स’ या सुकामेवा विकणाऱ्या चिनी कंपनीच्या एका जुन्या जाहिरातीवर तोच आरोप झाला. या वेळी मॉडेलने उलट विचारलं, की माझे डोळे जन्मापासून असेच बारीक आहेत, तर मग मी चिनी म्हणून पुरेशी नाही का?

ह्या बाईचं म्हणणं मला आजही अडवतं. कारण रीटचिंगच्या, म्हणजे फोटो सुधारायच्या, खोलीत मी स्वतः डोळे मोठे करून घेतलेत. थोडेसेच, कुणाच्या लक्षात येणार नाहीत इतके, आणि ‘साचा टाळायचा’ म्हणून! बारीक डोळे म्हणजे अपमान असं एकदा ठरलं, की खऱ्या बारीक डोळ्यांच्या मुलींना काम मिळणं बंद होतं आणि पॅन-एशियन चेहरा मागच्या दाराने परत येतो. दिओरच्या फोटोत मला डोळे खटकले नाहीत. प्रकाश खटकला, भयपटात असतो तसा. आणि बॅगेवर गिधाडासारखी आवळलेली ती नखं. डोळ्यांवर चर्चा झाली, कारण डोळे दाखवता येतात. प्रकाशावर बोलायला आपल्या धंद्यातलं माणूस लागतं. म्हणून तू बोल.

आता आपल्याकडे. गोरेपणाच्या क्रीमबद्दल तू लिहिलंच आहेस, त्यात भर एवढीच घाल: फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ मध्ये, ‘मुलगा असता तर’ म्हणून उसासा टाकणाऱ्या बापाची मुलगी क्रीम लावून हवाईसुंदरी होते ती गाजलेली जाहिरात जनवादी महिला संघटनेच्या तक्रारीनंतर २००३ मध्ये पडद्यावरून गेली, आणि नावातलं ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. त्या जाहिरातीत काळ्या मुलीला नोकरी मिळते ती कुठली, बघितलंस? परत विमानातली. गोरं व्हायचं ते ट्रे घेऊन उभं राहण्यासाठी. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०१४ मध्ये रंगावरून कमी लेखण्याबद्दल नियम केले, २०२२ मध्ये लिंगभेदी साच्यांबद्दल केले. चांगले आहेत, वाच. पण नियम क्रीमला पकडतात. मागे फाइल धरून उभ्या राहिलेल्या बाईला कुठल्या कलमात पकडणार?

आणि आपण ‘आशियाई’ म्हणून तक्रार करताना मुंबईच्या कास्टिंग रूममध्ये मणिपूर, मिझोराम, नागालँडच्या मुली कोणत्या भूमिकांसाठी बोलावल्या जातात, तेही बघ. स्पा, हॉटेलचं रिसेप्शन, चायनीज हॉटेलातली वेट्रेस, कॉन्फरन्समधली ‘फॉरेन डेलिगेट’. गृहिणी म्हणून, आई म्हणून, गृहकर्ज घेणारी बाई म्हणून किती वेळा? मी स्वतः किती वेळा बोलावलं? दोनदा. दोन्ही वेळा ‘ऑल इंडिया’ फिल्म होती, म्हणजे पंचवीस चेहऱ्यांपैकी एक चेहरा, दीड सेकंद.

आपली मराठी बाईही साच्यातून सुटलेली नाही. हिंदी जाहिरातीत ती दोन वेळा येते. एकदा गणपती-पाडव्याला: नथ, पैठणी, कपाळावर चंद्रकोर, आणि हल्ली फेटा बांधून बुलेटवर. गिरगाव-डोंबिवलीच्या शोभायात्रेत खऱ्या बायका हौसेने तशा निघतात, ते दृश्य मला आवडतंही. पण दर पाडव्याला तोच फोटो पाच ब्रँड वापरतात तेव्हा बुलेटही नथीसारखा दागिनाच होते. आणि दुसऱ्यांदा ती येते घरकाम करणारी बाई म्हणून. हिंदी मराठी हेलाची, अंबाड्यावर गजरा, मालकिणीला पावडरचा भाव सांगून थक्क करणारी. मुंबईतल्या कॉपीरायटरला वाटतं की तो वास्तव लिहितोय. तो ज्या घरात वाढला त्या घराच्या स्वयंपाकघराच्या दारातून जेवढं दिसलं, तेवढं तो लिहितो.

प्रबंधाबद्दल एकच सुचवते. विशेषणांचे रकाने काढू नकोस, ‘नाजूक’, ‘मादक’ वगैरे. त्यावर परीक्षक वाद घालतील आणि तू हरशील. दोनशे चित्रांचा साधा तक्ता कर. हात काय करताहेत. नजर कॅमेऱ्याकडे, वस्तूकडे, की दुसऱ्या माणसाकडे. फ्रेम कुठे कापली आहे, मानेवर, कमरेवर की गुडघ्यावर. फ्रेममध्ये कुणाचं डोकं वर आहे. तिला नाव किंवा हुद्दा दिलाय का. हे मोजता येतं, आणि मोजलेल्यावर कुणाला भांडता येत नाही. मग त्याच कंपनीच्या, त्याच वर्षीच्या पुरुषांच्या चित्रांचा तसाच तक्ता कर. शेजारी ठेव.

घरकामवाल्या बाईवरून एक आठवलं, ते सांगून थांबते. सिंगापूरला जायच्या आधीची गोष्ट, भांड्यांच्या साबणाची फिल्म होती. कामवालीच्या भूमिकेसाठी आलेली मुलगी प्रायोगिक नाटकांतली, जीन्समध्ये आली, कॉल शीट बघून विचारलं, हिचं नाव काय? असिस्टंट म्हणाला, ‘बाई’. ती काही बोलली नाही. स्टायलिस्टने मनगटापर्यंत डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, कारण डायरेक्टरला किणकिण हवी होती. टेक सुरू झाला. तिने नळ सोडला, पदर खोचला, आणि दोन्ही हातांच्या बांगड्या झटक्यात कोपराकडे सरकवून घट्ट बसवल्या. कट. डायरेक्टर म्हणाला, बांगड्या खाली राहू देत, आवाज येत नाही. तिने सांगितलं तसे चार टेक दिले. पण एडिटरला पहिल्या टेकमधलाच नळाचा शॉट आवडला आणि त्याने तो जोडून टाकला. बांगड्या वर सरकतात तेवढा अर्धा सेकंद तसाच राहिला.

फिल्म टीव्हीवर लागली तेव्हा आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, ‘बाकी सगळं नाटक आहे ताई, पण या पोरीने भांडी घासलेली दिसतात.’